बंगाल मांजराचा धंदा : दलाल सांगतो ते आणि सांगत नाही ते

आमच्याकडे गेल्या महिन्यात अहमदनगरहून (आता अहिल्यानगर) एका तरुण वाचकाचे पत्र आले. हे गृहस्थ वडिलांच्या वर्कशॉपमध्ये लेथ मशीन चालवतात. काम बरे असले तरी महिनाअखेरीस हातात फारसे उरत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. घरात दोन वर्षांपासून पर्शियन मांजरांची एक जोडी आहे. तिची दोन वेते झाली, पिल्ले मोहल्ल्यातच विकली गेली आणि चार पैसे मिळाले. आता मोबाईलवर ओळख झालेल्या एका दलालाने त्यांना 'बंगाल' मांजरांची जोडी देऊ केली आहे. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, रक्त जंगली, पिल्लांना मुंबई-पुण्यात गिऱ्हाईक तयार. फक्त निम्मी रक्कम विसार म्हणून आधी पाठवा, असे त्याचे म्हणणे. पत्रलेखकाचे दीड लाख रुपये बँकेत आहेत. ते बहिणीच्या लग्नासाठी ठेवले होते, हेही त्यांनी लिहिले आहे.

पत्राच्या शेवटी आणखी एक गोष्ट आहे आणि आम्हाला खरी काळजी तिचीच वाटली. एका ओळखीच्या माणसाने त्यांना सुचवले आहे की ऊसतोडीच्या दिवसांत फडामध्ये ठिपक्यांची पिल्ले सापडतात. त्यातला एखादा बोका धरून आणला तर बंगाल घरीच तयार होईल, दीड लाख कशाला घालवायचे?

धंदा करावा का, कायद्यात बसतो का आणि रोजी हलाल होईल का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. मांजरांचा हा व्यापार आता आपल्या मोहल्ल्यांतून बराच वाढला आहे. तेव्हा उत्तर पत्राने न देता येथेच देत आहोत.

प्रथम हे मांजर म्हणजे काय ते पाहू. 'बंगाल' नावामुळे ते कोलकात्याकडचे असावे असे वाटते. तसे नाही. आशियातल्या जंगलांत, आपल्या सह्याद्रीतही, बिबट मांजर नावाचे एक लहान रानटी मांजर राहते. त्याच्या शास्त्रीय नावात 'बेंगालेन्सिस' हा शब्द आहे, त्यावरून हे नाव पडले. अमेरिकेत जीन मिल नावाच्या बाईंनी १९६३ साली बिबट मांजराच्या मादीचा पाळीव बोक्याशी संकर केला. पुढे कॅलिफोर्नियातील डॉ. विलार्ड सेंटरवॉल हे मांजरांच्या रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी असेच संकर करीत होते. त्यांच्याकडील काही संकरित माद्या १९८०च्या सुमारास जीन मिल यांच्याकडे आल्या. गंमत अशी की त्या माद्यांना जोड म्हणून त्यांनी वापरलेला एक बोका आपल्या दिल्लीचा होता. प्राणिसंग्रहालयातील गेंड्याच्या आवारात हे ठिपकेदार बेवारस पिल्लू फिरत असे, ते बाईंनी अमेरिकेला नेले. ज्या जातीसाठी आपली पोरे आज परदेशी म्हणून पैसे मोजतात, तिच्या रक्तात दिल्लीच्या रस्त्यावरचा बोका आहे! 'टिका' या मांजरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८६ मध्ये बंगालची नोंद नवी जात म्हणून घेतली आणि १९९१ मध्ये तिला स्पर्धेत उतरण्याचा पूर्ण हक्क दिला.

याच वाटेने इतर जाती झाल्या. आफ्रिकेतील सर्व्हल या उंच पायांच्या रानमांजरापासून 'सव्हाना' झाली. तिचे पहिले पिल्लू १९८६ साली अमेरिकेत एका सयामी मांजरीच्या पोटी आले. बाप सर्व्हल आणि आई सयामी असा तो संकर होता. आपल्या शेतांत उंदरांवर जगणाऱ्या रानमांजरापासून, ज्याला काही भागांत बाऊल म्हणतात, 'चाऊसी' झाली.

आता संकर म्हणजे काय हे नगर जिल्ह्याच्या माणसाला नव्याने सांगायला नको. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्यापासून 'फुले त्रिवेणी' गाय तयार केली. तिच्यात निम्मे रक्त होल्स्टीनचे, पाव जर्सीचे आणि पाव गीरचे. परंतु त्या सगळ्या गायीच. त्यांच्या कालवडीही फळतात आणि वळूही कामाला येतात. मढीच्या यात्रेतला गाढवांचा बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना दुसरा प्रकार ठाऊक आहे. गाढव आणि घोडी यांच्यापासून खेचर होते, ते मजबूत असते, पण खेचरापासून पुढे खेचर होत नाही. घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२, खेचराला मिळतात ६३. जोड्याच लागत नाहीत.

मांजरांचा संकर या दोहोंच्या मध्ये बसतो. पाळीव मांजर आणि बिबट मांजर दोघांचीही गुणसूत्रे ३८ आहेत, म्हणून पिल्ले होतात. परंतु ही दोन कुळे लक्षावधी वर्षांपूर्वी एकमेकांपासून फुटलेली असल्यामुळे संकरातील नर वांझ निघतात आणि माद्या फळतात. पहिल्या पिढीतील बंगाल बोके वांझ असतात, दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीतलेही बहुधा वांझच. सव्हानात ही अडचण आणखी एखाद-दुसरी पिढी पुढे जाते. म्हणून प्रत्येक पिढीत मादीला पुन्हा पाळीव किंवा पुढच्या पिढीतला बोका द्यावा लागतो. दलाल ज्याला 'एफ वन' म्हणतो त्यात जंगली रक्त निम्मे, 'एफ टू'मध्ये पाव, पुढे साडेबारा टक्के, चौथ्या पिढीत सव्वासहा आणि पाचव्या पिढीत जेमतेम तीन टक्के. आमच्या पत्रलेखकाला 'जंगली रक्ताची जोडी' देऊ केली आहे, म्हणजे नर आणि मादी. खरोखरच ती पहिल्या पिढीची असेल तर त्यातला नर बिनकामाचा. जोडीचे पैसे मोजून त्यांच्या हाती एकटी मादीच येईल, आणि हे दलालाने त्यांना सांगितलेले नाही.

पहिली पिढी तयार करणेही सोपे नाही. रानटी बोका पाळीव मांजरीकडे बायको म्हणून पाहत नाही, शिकार म्हणून पाहतो. म्हणून पाळणारे लोक रानटी पिल्लू डोळे उघडण्याच्या वयात आईपासून काढून घेतात आणि पाळीव मांजरांत वाढवतात. एवढे करूनही मिलनाच्या वेळी मानेचा चावा जोरात बसून मांजरी दगावतात. सर्व्हलचे वजन १८ किलोपर्यंत जाते, घरची मांजरी तीन-चार किलोची. घरच्या मांजरीचे दिवस ६३ ते ६५, सर्व्हलची मादी त्याहून आठ-दहा दिवस अधिक घेते. त्यामुळे संकराची पिल्ले बऱ्याच वेळा अपुऱ्या दिवसांची येतात आणि त्यांना नळीने दूध पाजत बसावे लागते. हौशी चित्रफितीत हे काही दिसत नाही.

जगलेल्या पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या पिल्लांचा स्वभाव निम्मा रानातला. मोठी झाली की ती घरभर मुतून हद्द आखतात, परक्या माणसाला पाहून कपाटामागे दडतात, लहान मुलांवर नखे काढतात. मांस कच्चे लागते. बांधून ठेवली तर येरझारा घालून स्वतःचे केस उपटतात. अमेरिकेत लोकांनी हौसेने घेऊन नंतर टाकलेल्या अशा मांजरांसाठी वेगळी आश्रयस्थाने चालवावी लागतात. ब्रिटनमध्ये पहिल्या पिढीचे बंगाल ठेवायला धोकादायक रानटी प्राण्यांसाठीचा परवाना लागतो. ऑस्ट्रेलियाने २००८ साली सव्हानाची आयातच बंद केली. सुटलेली मांजरे तिथले लहान प्राणी संपवतील ही भीती. मोहल्ल्यातील दोन खोल्यांच्या घरात, जिथे खाली वर्कशॉप आणि वर आई-वडील आहेत, तिथे हे जनावर कसे राहील याचा विचार पत्रलेखकानेच करावा.

म्हणजे दलालाकडे तीनच गोष्टी असू शकतात. एक तर पाचव्या-सहाव्या पिढीपुढचे बंगाल. ते देखणे, चपळ, पण पाळीव मांजरच. त्याला जंगली म्हणून वाढीव भाव घेणे ही थाप झाली. दुसरे म्हणजे आपल्याच गल्लीतले पट्ट्यांचे-ठिपक्यांचे पिल्लू, ज्याच्या फोटोवर रंग चढवला आहे. आणि तिसरे खरोखरचे रानटी पिल्लू किंवा त्याची पहिली-दुसरी पिढी. पहिल्या दोहोंत पैसा जातो. तिसऱ्यात माणूस तुरुंगात जातो.

हे आम्ही घाबरवण्यासाठी लिहीत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट मांजर आणि वाघाटी ही दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रांगेत. या कायद्यात शिकारीची व्याख्या केवळ मारणे नव्हे. पकडणे, जाळे लावणे, पिंजऱ्यात घालणे हीही शिकारच. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबत गुन्ह्याला किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद आहे, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५,००० रुपये झाला आहे. दुसरी गोष्ट व्यापाऱ्याने अधिक लक्षात ठेवावी : ज्याच्या ताब्यात प्राणी सापडला, त्याचा ताबा बेकायदेशीर आहे असेच कायदा धरून चालतो, तो कायदेशीर होता हे त्याने सिद्ध करायचे असते. 'मला दुसऱ्याने दिले, मला माहीत नव्हते' हे म्हणणे तिथे फार उपयोगी पडत नाही. दलालाचा नंबर तोवर बंद झालेला असतो.

परदेशातून आणलेल्या जनावरांचेही आता तसेच आहे. वन्यप्राण्यांच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्याला साइटस म्हणतात, पाळीव मांजर सोडून मांजरकुळातले सर्व प्राणी येतात. मागच्या चार पिढ्यांत रानटी पूर्वज असलेला संकरही साधारणपणे रानटीच्याच नियमाने मोजला जातो. २०२२च्या दुरुस्तीने हा करार आपल्या कायद्यात आला आणि २०२४च्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्यांची व त्यांच्या पिल्लांची नोंद केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करणे बंधनकारक झाले. आयातीचा परवाना, पिढीचा दाखला, नोंदणी यांपैकी कागद मागितल्यावर विकणारा 'ते नंतर पाठवतो' म्हणाला की सौदा तिथेच सोडावा.

साध्या पर्शियन मांजरांच्या विक्रीलाही नियम आहेत, हे आपल्यातील अनेकांना माहीत नाही. २०१८च्या पाळीव प्राणी दुकान नियमांनुसार विक्रेत्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे, आणि दुकान या शब्दात आठवडे बाजारातली जागा व ऑनलाइन विक्रीही धरली आहे. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. तीस दिवसांची पिल्ले 'लवकर लळा लागतो' म्हणून विकणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आता उसाच्या फडाविषयी. आपल्या जिल्ह्यात अकोले, संगमनेर, राहुरीपासून श्रीरामपूर-कोपरगावपर्यंत पाटपाण्याखाली ऊस आहे. दाट, थंड, वर्षभर उभा, आत उंदीर-घुशी भरपूर. रानमांजरांना आणि बिबट्यालाही तो जंगलासारखाच. वाघाटी हे जगातील सर्वांत लहान मांजरांपैकी एक. पूर्ण वाढ झालेली वाघाटी एक-दीड किलोच्या पुढे जात नाही, तळहातावर मावेल एवढी पिल्ले असतात. ती पाचटात पिल्ले घालते आणि नेमकी तोड सुरू झाली की कोयत्याच्या आवाजाने स्वतः पळते, पिल्ले मागे राहतात. टोळीतल्या मुलांना ती सापडतात. कोणी त्यांना बिबट्याची पिल्ले समजून गाव गोळा करतो, कोणी खिशात घालून घरी नेतो, आणि अलीकडे कोणी फोटो काढून गिऱ्हाईक शोधतो.

या पिल्लांची आई मेलेली नसते, जवळच असते. जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राची मंडळी आणि वनखाते अशी पिल्ले तपासून, दूध-औषध करून, संध्याकाळी त्याच जागी उघड्या खोक्यात ठेवतात. रात्री आई येते, मानेला धरून एकेक पिल्लू नेते. बिबट्याच्या पिल्लांचे, वाघाटीचे, रानमांजराचे असे पुनर्मिलन या पट्ट्यात कितीतरी वेळा झाले आहे. म्हणून पिल्लू दिसल्यावर हात न लावणे, तेवढी जागा तोडायची ठेवणे आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरवर कळवणे, एवढेच करायचे. चावले-ओरबाडले तर जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी रेबीजचे इंजेक्शन घ्यावे. पिल्लू लहान आहे म्हणून टाळू नये.

आणि एक साधी गोष्ट. उसात सापडणारी वाघाटी ही बंगालच्या पूर्वजापेक्षा वेगळी जात आहे, रानमांजर तर त्याहून वेगळे. म्हणजे ज्या ओळखीच्या माणसाने बंगाल घरी तयार करण्याचा सल्ला दिला, त्याला बंगाल कशापासून होते हेही ठाऊक नाही. घरात कोंडलेले वाघाटीचे पिल्लू बहुधा बंगालचा बाप होण्याआधीच मरते, आणि ज्याच्या घरात ते मेले त्याच्यावर गुन्हा राहतो. घरच्या मांजरांतली साथ, विशेषतः पॅनल्युकोपेनिया, अशा पिल्लांना चटकन उचलते. उलट दिशेनेही नुकसान आहे : स्कॉटलंडमध्ये पाळीव मांजरांशी संकर होत होत तिथले रानमांजर इतके मिसळले की २०१९ साली तज्ज्ञांनी उरलेला गट स्वबळावर टिकणार नाही असे जाहीर केले.

तिसरा प्रश्न हलाल रोजीचा. येथे आमचे काम फतवा देण्याचे नाही. आपापल्या मसलकाच्या आलिमांना विचारावे. परंतु कोणत्या गोष्टी विचारायच्या, हे व्यापाऱ्याला माहीत हवे.

मांजर पाळण्यात आपल्याकडे कधीच अडचण नव्हती. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचे नावच मांजराच्या पिल्लावरून पडले. मांजराने तोंड लावलेल्या पाण्याबाबत हजरत अबू कतादा (रजि.) यांचा प्रसंग प्रसिद्ध आहे, त्यांनी स्वतः भांडे कलते करून मांजराला पाणी पाजले. आणि मांजर कोंडून, उपाशी ठेवून मारणाऱ्या स्त्रीच्या शिक्षेची हदीस तर मदरशातल्या मुलालाही ठाऊक असते. पिंजरे एकावर एक रचून पैदास करणाऱ्यांनी ती पुन्हा एकदा वाचावी.

विक्रीचा मामला मात्र वेगळा आहे. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून कुत्रा आणि मांजर यांच्या किमतीबाबत मनाईची रिवायत आहे. चारही इमामांच्या बहुसंख्य अनुयायी आलिमांनी पाळीव मांजराची विक्री जायज मानली आहे. इमाम नववी (रह.) यांनी या हदीसचा अर्थ लावताना म्हटले आहे की ती उपयोग नसलेल्या मांजराबाबत आहे किंवा नापसंतीच्या अर्थाने आहे, जेणेकरून लोकांनी मांजर एकमेकांना असेच द्यावे. हाफिज इब्न कय्यिम (रह.) यांच्यासारख्यांनी मात्र विक्री नाजायजच ठरवली. पूर्वी आपल्या घरांतून पिल्लू शेजारच्या आपाकडे फुकटच जात असे, त्यामागे हाच संस्कार असावा. रानातले, आपल्या मालकीचे नसलेले जनावर विकणे मात्र कोणाच्याच मते चालत नाही. आकाशातला पक्षी आणि पाण्यातला मासा विकण्यासारखेच ते.

यापेक्षा महत्त्वाच्या दोन बाबी आमच्या पाहण्यात आहेत, ज्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

पहिली, बोक्याची फी. 'मेटिंग'साठी बोका देऊन दोन-तीन हजार घेणे हा आता शहरातला रिवाज झाला आहे. सहीह बुखारीत हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांच्याकडून नराच्या लावणीचा मोबदला घेण्यास स्पष्ट मनाई आली आहे. कारणही समजण्यासारखे आहे : मादी फळेल की नाही हे नराच्या मालकाच्या हातात नाही, मग पैसे कशाचे? हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत, म्हणजे आपल्या देशावरील आणि कोकणातील बांधवांनाही, हे लागू आहे. इमाम मालिक (रह.) यांच्याकडे ठरावीक मुदतीच्या भाड्याची सवलत आहे. न ठरवता, न मागता कोणी खुशीने काही दिले तर ते घेण्यास तिरमिझीतील एका रिवायतीत परवानगी दिसते. आपल्या खेड्यात वळू दाखवून आणल्यावर शेतकरी पेंड किंवा गुळाची ढेप देऊन जात असे. त्यात आणि रेटकार्ड लावण्यात फरक आहे. पत्रलेखकाने बोक्याच्या फीमधून वर्षाला किती मिळेल याचाही हिशेब मांडला आहे. तो रकाना त्यांनी आलिमांना दाखवल्याशिवाय धरू नये. बकरे पाळणाऱ्या बांधवांनाही हीच गोष्ट लागू आहे.

दुसरी बाब विसाराची. जाहिरात येते : मांजरी गाभण आहे, चार पिल्ले होतील, ठिपकेदार मादीचे बुकिंग सुरू. जन्मही न झालेल्या पिल्लाची, तेही रंग आणि लिंग ठरवून, पूर्ण रक्कम घेतली जाते. जाहिलियतच्या काळात उंटिणीच्या पोटातल्या पिलाच्या पुढच्या पिलाचाही सौदा होत असे आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तो बंद केला, हे बुखारी शरीफमध्ये आहे. पुढे द्यायच्या मालाची रक्कम आधी घेण्याचा 'सलम' हा प्रकार जायज आहे, पण हनफींकडे जनावरांत सलम चालत नाही. शाफईंकडे चालतो तो वर्णन आणि मुदत नक्की करून. एका ठरावीक मांजरीच्या पोटातल्या पिल्लावर तो बसवता येत नाही. पिल्लू जन्माला येऊ द्या, आठ आठवडे आईचे दूध पिऊ द्या, गिऱ्हाइकाला डोळ्यांनी पाहू द्या, मग किंमत करा.

संकराविषयीही मतभेद आहेत. हजरत अली (रजि.) यांनी घोडीला गाढव लावण्याविषयी विचारले तेव्हा प्रेषित (स.) यांनी ते अजाण लोकांचे काम असल्याचे सांगितले, अशी अबू दाऊदमध्ये रिवायत आहे. तर दुसरीकडे कुरआनच्या सूरह नहलमध्ये खेचराचा उल्लेख अल्लाहच्या देणग्यांत आहे आणि खुद्द प्रेषितांची (स.) दुलदुल नावाची खेचर होती. खेचर ओझे वाहते, डोंगर चढते. ठिपक्यांचे मांजर कशासाठी, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. दाखवण्यासाठी, हे प्रामाणिक उत्तर आहे. पण तेवढ्यासाठी वांझ नर, दगावलेल्या मांजरी आणि आईपासून तोडलेली रानटी पिल्ले ही किंमत आम्हाला तरी जड वाटते.

येथे पर्शियनवाल्यांनी समाधान मानू नये. चपट्या नाकाची जितकी हौस, तितका त्या मांजराचा श्वास कोंडतो, डोळ्यांतून पाणी वाहते आणि पिल्लाचे डोके मोठे असल्याने वीण अडते. नगरच्या मे महिन्यात त्या केसांनिशी ते कसे जगते, हे पाळणाऱ्यालाच माहीत. पर्शियन जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक रोग मोठ्या प्रमाणावर आहे. आई किंवा बाप एकाकडून आला तरी पुरतो आणि मांजर तीन-चार वर्षांचे होईपर्यंत बाहेरून काही कळत नाही. सोनोग्राफीने किंवा जनुक तपासणीने कळतो. दुमडलेल्या कानांच्या स्कॉटिश फोल्डमध्ये तर ज्या दोषाने कान दुमडतो, त्यानेच सर्वांगाचे सांधे दुखरे होतात. नेदरलँड्सने तिची पैदास बंद केली आहे. मांजरांतही ए आणि बी असे रक्तगट असतात. बी गटाच्या मांजरीला ए गटाचा बोका दिला की पहिल्या दिवशीचे दूध पिऊनच पिल्ले मरू शकतात. 'नजर लागली' म्हणून ज्यांची वेते गेली, त्यांच्यापैकी काहींचे कारण हे असू शकेल. अंगावर गजकर्णाचे चट्टे असलेले पिल्लू पावडर लावून विकले की ते गिऱ्हाइकाच्या मुलांना होते.

दोष झाकून विकलेल्या जनावराबाबत शरीअतचा नियम स्पष्ट आहे : खरेदीदाराला परत करण्याचा हक्क आहे. दूध जास्त दिसावे म्हणून सड बांधून ठेवलेली शेळी-उंटीण परत करण्याची हदीस याच बाबतीत आहे, आणि धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढल्याचा प्रसंगही. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी लावल्याने हा हक्क बुडत नाही.

दीड लाखांबद्दल आमचे मत त्यांनी विचारलेच आहे, तर ते असे. जनावरांतच पैसा घालायचा असेल तर संगमनेरी शेळीचे नाव आपल्याच जिल्ह्यातील तालुक्यावरून आहे. दूध आणि मांस दोन्हीला चालते, पाच महिन्यांत विते, आणि राहुरीच्या विद्यापीठात तिच्यावर काम झालेले आहे. ते जाऊन पाहता येते. बकरी ईदचा बाजार आहे, शिवाय सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात शेळीचा इलाज माहीत असणारा डॉक्टर भेटतो, जे मांजराबाबत दर वेळी होत नाही. चारा, मरतूक आणि चोरी धरून हिशेब केल्याशिवाय त्यातही उडी घेऊ नये. लग्नाचे पैसे तर दोन्हीकडे घालू नयेत.

पत्रलेखकाला आम्ही दलालाकडे तीन गोष्टी मागायला सांगितल्या होत्या : पिढीचा दाखला, आई-बापाचे नोंदणीपत्र आणि बोका पाहायला प्रत्यक्ष भेट. त्यांचे दुसरे पत्र परवा आले. दलालाने दाखल्याऐवजी मांजराच्या आणखी चार चित्रफिती पाठवल्या आहेत आणि भाव वीस हजारांनी उतरवला आहे. घरच्या पर्शियन मांजरीला पुन्हा दिवस गेले असून दोन जणांचा आगाऊ विसार त्यांच्याकडे जमा होता, तो त्यांनी परत केला, असेही कळवले आहे. मांजरीची सोनोग्राफी नगरमध्ये कोठे होईल, असे त्यांनी विचारले आहे. या कामाचा अनुभव असलेल्या वाचकांनी आमच्या पत्त्यावर कळवावे. आम्ही त्यांना पोहोचवू.